हळवेपणा : दोष की देणगी?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, लेखक अशी जाणकार मंडळी बोलतात. यंदा सचिवांनी माझ्यासारख्या डिप्लोमा इंजिनियरला उभे केले आहे. माझी वीस-बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांत गेली. मानसशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. पण वाचनाची आवड आहे, आणि हाताखाली पन्नास-साठ माणसे असली की माणसांचा थोडाफार अभ्यास आपोआप होतो. तेव्हा एका वाचकाचे बोलणे म्हणून हे ऐकून घ्यावे, ही विनंती.

प्रश्न साधा आहे. परिस्थिती एकच असते, मग एकाला ती खूप लागते आणि दुसऱ्याला जाणवतही नाही, असे का?

आपल्या मांडवातच बघा. ढोल-ताशा सुरू झाला की एक मूल नाचत पुढे जाते आणि दुसरे कानांवर हात ठेवून आईच्या पदरात शिरते. दोघांचे वय तेच, आवाजही तोच. ऑफिसात साहेब दोघांवर एकदमच ओरडतात. एक जण बाहेर येऊन चहा मागवतो, दुसरा दोन दिवस नीट जेवत नाही. आपण लगेच शिक्के मारतो. एक 'धीट', दुसरा 'भित्रा'. एक 'खंबीर', दुसरा 'मनाला लावून घेणारा'. मुलगा असेल तर वर 'मुलीसारखा काय रडतोस' हेही ऐकवतो. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण रोज वापरतो, पण प्रकृती वेगळी म्हणजे नेमके काय वेगळे, हे विचारत नाही.

शास्त्रज्ञांनी ते विचारले. १९२४ च्या सप्टेंबरात रशियातल्या लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला. पावलॉव्ह या प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी नाकापर्यंत आले असताना त्यांना कसेबसे बाहेर काढले. जीव सगळ्यांचे वाचले. पण पुढे असे दिसले की काही कुत्रे पहिल्यासारखेच वागत होते, आणि काही इतके हादरले होते की महिनोन् महिने शिकवलेले सारे विसरले. त्यातल्या एकासमोर पुढे दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली, तरी तो पुन्हा बिथरला. पूर एकच होता, फरक कुत्र्यांच्या मज्जासंस्थेत होता. पावलॉव्हने त्यांचे 'सबळ' आणि 'दुर्बळ' असे प्रकार मानले. हा 'दुर्बळ' शब्द पुढे बराच काळ चिकटून राहिला.

माणसांच्या बाबतीत मोठे काम झाले ते न्यूयॉर्कमध्ये. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पती-पत्नींनी १९५६ पासून शंभरावर मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यांचे म्हणणे असे, की मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. झोप-भूक किती नियमित, नव्या गोष्टीला कसे सामोरे जाते, किती बारीक आवाजाने दचकते, हे पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागते. पण मुलाचे पुढे भले होते की बिघडते, हे एकट्या स्वभावावर ठरत नाही. स्वभाव आणि परिस्थिती यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते ठरते. याच धर्तीवर चंडीगडच्या डॉ. सविता मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात भारतीय मुलांचा स्वभाव मोजण्याची प्रश्नावली तयार केली.

हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना रंगीत खेळणी, आवाज, वास दाखवले. सुमारे वीस टक्के बाळे हातपाय झाडून रडू लागली. सुमारे चाळीस टक्के निवांत पडून राहिली. चार महिन्यांच्या बाळाला कुणी 'भित्रेपणा' शिकवलेला नसतो. यंत्राच्या भाषेत सांगायचे तर एकाचा काटा थोड्या दाबाने हलतो, दुसऱ्याचा जास्त दाब दिल्यावर.

इथपर्यंत ऐकून वाटेल की हळवी माणसे म्हणजे नशिबाने नाजूक आलेली, त्यांना जपावे इतकेच. मलाही तसेच वाटत होते. पण पुढचे वाचले आणि आज बोलावे असे ठरवले ते त्यामुळेच.

टॉम बॉइस हे अमेरिकेतले मुलांचे डॉक्टर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लहान मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. मुलांना थोडी अवघड कामे द्यायची आणि शरीर किती जोरात प्रतिसाद देते ते मोजायचे. मग घरी आणि पाळणाघरात ताण किती आहे, आणि मूल सर्दी-खोकल्याने किती वेळा आजारी पडते, हे नोंदवायचे. ज्यांचे शरीर चटकन प्रतिसाद देते अशी मुले ताणाच्या वातावरणात सर्वांत जास्त आजारी पडली. हे अपेक्षितच होते. पण तशीच मुले शांत, प्रेमळ वातावरणात असली तर सर्वांत कमी आजारी पडली. धट्ट्याकट्ट्या समजल्या जाणाऱ्या मुलांपेक्षाही कमी!

बंधू-भगिनींनो, आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. हळव्या माणसाला वाईट परिस्थिती जास्त बाधते हे अर्धेच सत्य आहे. चांगली परिस्थितीही त्यालाच जास्त मानवते, हे उरलेले अर्धे. जे दार उघडे असते त्यातून वाराही आत येतो आणि धूळही.

बॉइस आणि एलिस यांनी २००५ मध्ये यासाठी दोन फुलांची नावे वापरली, ऑर्किड आणि डँडेलियन. आपल्याकडची नावे घेऊ. पावसाळ्यात रुळाच्या कडेला, खडीच्या ढिगावर, कुठेही उगवतो तो टाकळा. त्याला काही लागत नाही. आणि कोकणात झाडाच्या फांदीवर फुलते ती सीतेची वेणी. ती ऑर्किडच. तिला हवा, सावली, ओल सारे जमून यावे लागते, पण फुलली की येणारा-जाणारा थांबून बघतो. बहुतेक माणसे या दोहोंच्या मधली. २०१८ मधल्या एका अभ्यासात साधारण तीस टक्के माणसे फार संवेदनशील, तीस टक्के कमी आणि चाळीस टक्के मधली निघाली. म्हणजे आज इथे शंभर जण बसले असतील तर तीसेक जणांना माझ्या मागचा हा स्पीकर जरा जास्तच जवळ वाटत असणार.

आता हा फरक येतो कुठून? थोडा जन्मतः येतो. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या किशोरवयीन जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. त्यात निघाले की माणसामाणसांतल्या संवेदनशीलतेच्या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग अनुवंशिक आहे, उरलेला परिस्थितीचा. यासाठी कुठले एक 'जनुक' दाखवता येत नाही. २००३ मध्ये सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा मोठा गवगवा झाला होता, पण २०१९ मध्ये फार मोठ्या संख्येवर पडताळा घेतला तेव्हा तो दावा टिकला नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असावा.

उरलेल्या निम्म्यासाठी मी माझ्या कामातले उदाहरण देतो. आज रूळ एकमेकांना वेल्ड करून लांबच लांब केलेले असतात. उन्हात लोखंड वाढते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा रूळ बांधलेला असतो, वाढायला जागा नाही. मग ती वाढ दाबाच्या रूपाने आतच साठते. साठ किलोच्या रुळात दर अंशाला जवळजवळ दोन टन. रूळ बांधताना त्याचे तापमान किती होते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. समजा एक रूळ २५ अंशाला बांधला आणि दुसरा ४० अंशाला. उन्हात दोन्ही ६० अंशांवर गेले, तर पहिल्यात ३५ अंशांचा दाब आहे, दुसऱ्यात फक्त २० अंशांचा. पोलाद तेच, ऊनही तेच. पहिला बकल होऊन वाकडा होण्याची भीती जास्त. म्हणून आम्ही 'डिस्ट्रेसिंग' करतो. बांधणी सोडून, ताण काढून, योग्य तापमानाला पुन्हा बांधतो.

माणूस म्हणजे काही रूळ नव्हे. पण बॉइस आणि एलिस यांचा सिद्धान्त काहीसा असाच आहे, की बालपणीच्या वातावरणावर शरीराचा ताणाला मिळणारा प्रतिसाद बेतला जातो. आणि एक समाधान असे, की माणसाला पुढेही पुन्हा बांधता येते. चांगले शिक्षक, चांगला साहेब, चांगला शेजार हेच माणसांचे डिस्ट्रेसिंग.

निसर्गाने दोन्ही प्रकार का ठेवले? २००८ मध्ये काही जीवशास्त्रज्ञांनी गणिताने एक उत्तर दाखवले. ते मी स्टेशनवरच्या उदाहरणाने सांगतो. गाडीच्या शेवटच्या जनरल डब्यात गर्दी कमी असते, हे ज्याच्या लक्षात येते त्याला जागा मिळते. पण सगळ्यांच्याच लक्षात आले तर तिथेही तीच गर्दी, आणि धावपळ फुकट. म्हणजे बारीकसारीक टिपणारी माणसे थोडी असतात तोवरच ते टिपणे फायद्याचे. म्हणून समाजात दोन्ही राहतात, आणि दोन्ही लागतात.

आमच्या कामात तर हे रोज दिसते. चावीवाला रोज काही किलोमीटर रूळ पायी तपासतो, हातोड्याने ठोकत. माझ्या हाताखाली एक चावीवाला होता. कुणी चारचौघांत बोलले तर त्याचा चेहरा दोन दिवस उतरलेला. सहकारी त्याची चेष्टा करत. पण ठोक्याच्या आवाजातला बारीकसा फरक ओळखावा तर त्यानेच. एका पहाटे त्याने लाल झेंडी लावून गाडी थांबवली. वेल्डला भेग होती, धुक्यात सहज नजरेतून सुटली असती अशी. जो कान टोमणा जास्त ऐकतो, तोच कान भेगही ऐकतो. एक ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही.

दुसरी गोष्ट जड मनाने सांगतो, कारण माझे सहकारी समोर बसले आहेत. रुळावर माणूस कापला गेला की तिथे जावे लागते ते आपल्याच माणसांना. त्यातला एक जण दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतो, दुसऱ्याला महिनाभर झोप लागत नाही. पहिल्याला आपण शाबासकी देतो आणि दुसऱ्याला 'कामचोर' म्हणतो. लेनिनग्राडचा पूर आठवा. दोघांवर पाणी तितकेच आले होते. ज्याची झोप गेली त्याला रजा, चार शब्द आणि गरज पडली तर डॉक्टर द्यावा. यात लाज कसली?

हे सगळे न्यूयॉर्क-लंडनचे झाले, आपल्या बेंगळुरूचे काय? होसूर रोडवरची निमहान्स ही आपल्या गावची संस्था. १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये निमहान्स झाली. तिच्या आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने गेल्या दशकात 'सी-वेदा' नावाचा मोठा प्रकल्प झाला. बेंगळुरू, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंडीगड, कोलकाता, इंफाळ अशा ठिकाणच्या ६ ते २३ वर्षे वयाच्या सुमारे नऊ हजार मुला-तरुणांची माहिती घेतली गेली. स्वभाव, घरची परिस्थिती, बालपणीचे आघात, आसपासचे प्रदूषण, काहींच्या मेंदूच्या प्रतिमा आणि जनुकेही. परिस्थिती सारखी असताना एक मूल वाट चुकते आणि दुसरे सावरते ते का, हे भारतीय मुलांवरूनच समजावे हा हेतू. आपल्या मुलांचे उत्तर परदेशातल्या मुलांवरून काढायचे दिवस संपत आले आहेत, ही समाधानाची गोष्ट.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीवाल्यांना तर हा प्रश्न घरातच भेटतो. माझ्या दोन मुली. हुबळीहून बेंगळुरूला आलो तेव्हा दोघींची शाळा एकाच जूनमध्ये बदलली. थोरलीला आठवड्यात मैत्रिणी मिळाल्या. धाकटी महिनाभर रोज सकाळी पोट दुखते म्हणे. वर्गात बोलत नसे. एका बाईंनी तिला 'वीक' ठरवले. दुसऱ्या सहामाहीत वर्गाच्या बाई बदलल्या. नव्या बाईंनी तिला बोलायचा आग्रह केला नाही. फळ्याची तारीख लिहायचे काम दिले, आणि वर्गात काय होणार ते आदल्या दिवशी सांगू लागल्या. दिवाळीनंतर पोटदुखी गेली. आज आमच्या घरात सर्वांत चांगले कन्नड तीच बोलते. गप्प बसून महिनोन् महिने ऐकत होती ना! शेजारच्या आजींच्या बोलण्यातली धारवाडची ढब आणि बेंगळुरूची ढब ती वेगळी करून दाखवते. थोरलीला कुठल्याही बाई चालल्या असत्या. धाकटीला बाई कोण, यावरच सगळे होते.

लंडनमध्ये अशाच वयाच्या मुलींवर एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. गरीब वस्तीतल्या शाळेत उदासीनता टाळण्यासाठी वर्ग घेतले. ज्या मुली जास्त संवेदनशील होत्या त्यांना वर्षभरानंतरही फायदा दिसला. ज्या सर्वांत कमी संवेदनशील होत्या त्यांना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे चांगल्या शिकवणीचे सर्वांत जास्त चीज हळवी मुलेच करतात.

आता थोडे आवाजाबद्दल, कारण उत्सव आपला आहे. आवाज सहन न होणे म्हणजे कान तीक्ष्ण असणे असे नाही. ऐकण्याची क्षमता सारखी असलेल्या माणसांतही त्रास वेगवेगळा होतो. १९७८ मध्ये वाइनस्टाइन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका वसतिगृहातले विद्यार्थी पाहिले. ज्यांना पहिल्यापासून आवाज खुपत होता त्यांना वर्षाअखेर तो जास्तच खुपू लागला. 'सवय होईल' हे सगळ्यांना लागू नाही. त्याआधी १९७२ मध्ये ग्लास आणि सिंगर यांनी दाखवले, की आवाज बंद करण्याचे बटण हातात आहे एवढे सांगितले, तरी आवाजानंतरचे काम माणसे बरे करतात, बटण दाबले नाही तरीही! आवाज किती, याइतकेच तो कधी येणार हे माहीत असणे आणि तो थांबवता येणे, हेही महत्त्वाचे.

रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावे असे एक उदाहरण न्यूयॉर्कचे. उंचावरून जाणाऱ्या रेल्वेलगत एक शाळा होती. १९७५ मध्ये अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवले की रुळाच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे, वरच्या इयत्तेत तर जवळजवळ वर्षभराने मागे होती. मग रुळाखाली रबरी पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारे छत लावले. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. त्या अभ्यासात हळवी मुले वेगळी मोजली नव्हती, पण माझ्या मते धडा स्पष्ट आहे. मुलाला बदलायची गरज पडली नाही, पॅड बदलले.

कुणी म्हणेल, 'अहो, जग काही पॅड लावून बसलेले नाही. मुलांनी थोडे सोसायला शिकले पाहिजे.' हे म्हणणे चूक नाही. केगन यांच्या गटाला असे दिसले की चटकन बावरणाऱ्या बाळांना ज्या आयांनी सारखे कडेवर घेऊन जपले, त्यांची मुले जास्त भित्री झाली. ज्यांनी प्रेमाने पण ठाम शिस्त लावली, त्यांची कमी. म्हणजे पोहायला शिकवायचेच आहे, फक्त विहिरीत ढकलून शिकवायचे नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवायचे.

म्हणून मंडळापुढे चार साध्या सूचना ठेवतो. पहिली, मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या दोन रांगा स्पीकरपासून दूर ठेवाव्यात. दुसरी, ढोल-ताशा किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता थांबणार हे फलकावर लिहावे आणि पाळावे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तिसरी, एका दिवसाची आरती माइकशिवाय, फक्त टाळ-झांजांवर व्हावी. आपल्या आजोळी ती तशीच होत असे, आणि बाप्पाला ऐकू येत असे. चौथी, मुलांच्या नाटकात जे मूल मागे उभे राहते त्याला पहिले दोन दिवस नुसते बघू द्यावे. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे संवाद पाठ असलेले तेच निघेल.

ऑफिसातल्या मित्रांना एवढेच, की चूक खोलीत बोलावून सांगा आणि कौतुक चारचौघांत करा. सगळ्यांनाच ते आवडते, पण ज्याला दोन्ही दुपटीने पोहोचतात अशा माणसाकडून काम दुपटीने होते. आणि त्रास हळवेपणापलीकडे गेला, झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. त्यासाठी २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. अनेक भारतीय भाषांत मोफत बोलता येते.

मग हळवेपणा दोष की देणगी? मला वाटते दोन्ही नाही. तो स्वभावातला एक काटा आहे, काहींचा लवकर हलणारा. तो दोष ठरेल की देणगी, हे पुष्कळसे आजूबाजूच्यांच्या हातात आहे. म्हणजे आपल्या.

आपल्या दैवताचे एक नाव शूर्पकर्ण आहे. सुपासारखे कान. सूप दाणा ठेवते आणि फोलपट उडवते. मोठे कान असलेल्या देवाची पूजा करणाऱ्यांनी, ज्यांचे कान जरा जास्त ऐकतात अशा आपल्या मुलांना आणि माणसांना सांभाळून घ्यावे, एवढीच प्रार्थना.



गणपती बाप्पा मोरया!